बटणची खुंटी

पाहणीला आलेल्या बाई दारातच थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "ती झोपणार कुठे?"

आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागलो. तिघं म्हणजे मी, माझा मुलगा आणि सूनबाई. प्रश्न सरळ होता, पण उत्तराला घरात जागा नव्हती.

एक बाहेरची खोली, एक आतली आणि एक स्वयंपाकघर, एवढंच आमचं घर. पाचव्या मजल्यावर. आतल्या खोलीत मुलगा आणि सून. तिथे पलंगानेच खोली अशी व्यापलेली की आडवं होऊन शिरावं लागायचं. बाहेर माझी खाट, जेवणाचं टेबल, आणि भिंत जिथे थोडी आत गेली आहे त्या कोनाड्यात माझ्या लग्नातलं लोखंडी कपाट. कपाटाचा दरवाजा उघडायचा तर खुर्ची उचलायची, खुर्ची उचलायची तर मी उठायचं. मी आंघोळीला गेलो की सूनबाई म्हणायची, "चला, आता साडी काढून घेते."

बाई अनाथ मुलांच्या संस्थेतल्या होत्या. तिथली एक सहा वर्षांची मुलगी माझा मुलगा आणि सून लेक म्हणून घरी आणणार होते. पहिल्या भेटीला त्यांनी मलाही नेलं. मुलगी कुणाशी एक अक्षर बोलली नाही. सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली, माझ्या शर्टाचं बटण चिमटीत धरलं आणि दोरा तुटेपर्यंत सोडलं नाही. बटण मुठीत घेऊन ती निघून गेली. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव बटण.

"तुम्ही माणसं चांगली आहात, त्याची मला शंका नाही," बाई जाताना म्हणाल्या. "पण मुलीला तिची म्हणून जागा हवी. रात्री पसरली आणि सकाळी गुंडाळली अशी पाहुण्याची गादी मला चालणार नाही. महिन्याभराने मी तिला घेऊनच येते. तेव्हा ठरवू."

दार लागलं. मी मनात जुळवून ठेवलेलं बोलून टाकलं. "मी धाकट्याकडे जाऊन राहतो. त्याच्याकडे जागा आहे. माझी खाट निघाली की प्रश्न मिटला."

सूनबाई हातात चमचा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "एक माणूस आणायला एक माणूस घालवायचा? हा कुठला हिशोब, बाबा? आणि ती आल्यावर विचारेल, ज्याचं बटण माझ्याकडे आहे तो कुठाय, तेव्हा मी काय खाटेकडे बोट दाखवू? खाटही नसेल!"

मुलगा म्हणाला, "बाबा, बसा खाली." तो कमी बोलतो. बोलला की विषय संपतो.

आता आम्ही तिघं काय काम करतो ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मी जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवला. ड्रायव्हरच्या मागे झोपायची एक फळी असते. तिच्यावर मी माझ्या पलंगापेक्षा जास्त झोपलो आहे. केबिनमध्ये बसल्या जागी हात लांब केला की पाणी, टॉवेल, आरसा, चहाचा डबा, सगळं हाताशी. आणि सगळं बांधलेलं, नाहीतर पहिल्या वळणाला डबा डोक्यात.

सूनबाई कपड्यांच्या मोठ्या दुकानात काम करते. दुकानाच्या काचेमागे जे पुतळे उभे असतात, त्यांची मांडणी ती करते. जागा म्हणाल तर दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहतील एवढी. तेवढ्यात ती कधी बाग करते, कधी बैठकीची खोली, कधी समुद्रकिनारा. रस्त्यावरची माणसं थांबून बघतात.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "वजन किती?" भाजीची पिशवी हातात दिली तरी हा आधी तोलून बघणार.

म्हणजे तिघांचंही आयुष्य डब्यात गेलेलं. डब्यात माणसं कशी बसवायची हे आम्हाला नाही कळणार तर कुणाला?

समोरच्या दारातल्या काकूंना मात्र ते पटलं नाही. त्या माझ्यापेक्षा लहान, पण सगळ्या इमारतीच्या काकू, म्हणून माझ्याही काकू. जिन्यात गाठून म्हणाल्या, "चौथं माणूस आणताय म्हणे? अहो ड्रायव्हरसाहेब, तुमच्या काडेपेटीत तीन काड्या आहेत त्याच एकमेकींना घासतायत!"

"चौथी आली की उजेड पडेल, काकू," मी म्हणालो.

सगळ्यात आधी कपाट निघालं. दारातून जाईना. मग आठवलं, आणलं होतं तेव्हाही सुटं करूनच आणलं होतं. मुलाने स्क्रू सोडले, पत्रे खाली गेले, फक्त दारावरचा उभा आरसा सूनबाईने ठेवून घेतला. तो तिने खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावला, आणि मी सांगतो, खोलीला दुसरी खिडकी फुटली. जिथे दुपारीही दिवा लावावा लागायचा तिथे भिंतीवर ऊन नाचायला लागलं.

रिकाम्या कोनाड्यात मी फळी बसवली, ट्रकच्या फळीसारखी, माझ्या छातीच्या उंचीवर. खाली ओढायचे खण, त्यात कपाटातले सगळे कपडे मावले आणि वर एक खण उरला. चढायला तीन पायऱ्या, त्या पायऱ्यांच्या पोटातही चपला. माझी खाट गेली. तिच्या जागी खिडकीखाली झाकणाचा लांब बाक आला. दिवसा सगळ्यांनी बसायचं, रात्री मी झोपायचं, झाकणाखाली अंथरूण.

टेबल मुलाने केलं. लिफ्ट वर जाते ती तिच्या पाठीमागे खाली येणाऱ्या वजनाच्या जोरावर, हे त्याने मला तो शिकाऊ होता तेव्हाच समजावलं होतं. तसंच त्याने टेबल चार दोऱ्यांवर घेतलं, कप्पीवरून दोऱ्या भिंतीशी नेल्या आणि तिथे वाळूच्या पिशव्या अडकवल्या. जेवण झालं की एका बोटाने ढकलायचं, टेबल आपलं आपण छताला जाऊन चिकटतं. खाली यायला एक टिचकी. वर आणि खाली, दोन्हीकडे अडकवायला कडी.

"अंगावर पडणार नाही ना?" सूनबाईने विचारलं.

"लिफ्ट पडते का?"

"बंद तर पडते!"

"मग उभ्याने जेवायचं," तो म्हणाला.

फळीची चाचणीही त्याने घेतली. आधी आम्ही तिघं बसलो. मग समोरचं दार उघडं दिसलं तसा म्हणाला, "काकू, जरा येता का? तुमच्याशिवाय चाचणी पूर्ण होणार नाही."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?" काकूंनी कंबरेवर हात ठेवले. पण आल्या, आणि बसल्या. फळी हूं की चूं करेना. काकूंनी उठता उठता खालचा खण ओढून बघितला, पुन्हा लावला, पुन्हा ओढला.

माझं आणि सूनबाईचं भांडण झालं ते कडांवरून. ती कामाला गेलेली असताना मी घरातल्या प्रत्येक फळीला बोटभर उंच कड ठोकली. बरण्यांना पट्टे लावले. फुलदाणी तारेने बांधली. संध्याकाळी ती आली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून बघत राहिली.

"बाबा, घर कुठे निघालंय का?"

"का?"

"फुलदाणीला बांधलंय म्हणून विचारते. घाट लागणार असेल तर मीही काहीतरी धरून बसते."

मुलगा हसून हसून बाकावर आडवा झाला. मला राग आला, मग मीही हसलो. कडा काढल्या. फक्त बटणच्या फळीची कड राहू दिली, कारण झोपेत वळण कुणालाही लागतं.

मग सूनबाईने घर हातात घेतलं. भिंती आणि दारं एकाच रंगाने रंगवली, पावसाळी पानाच्या आतल्या बाजूचा असतो तसा फिका हिरवा. दारं भिंतीत विरघळली आणि खोली लांब झाली. पडदा खिडकीपुरता न लावता छतापासून जमिनीपर्यंत सोडला, आणि कोनाड्यालाही एक पडदा लावला. छताचा पांढरा दिवा काढून तीन कोपऱ्यांत तीन पिवळे दिवे ठेवले. दुकानात मांडणी बदलली की उरलेली कापडं तिला मिळतात. त्यातून बाकाच्या उशा झाल्या, विटकरी आणि मोहरीच्या रंगाच्या. कोनाड्याच्या तोंडाशी एका बाजूला पुस्तकांचं एक उंच, अरुंद कपाट उभं करून तिने आडोसा केला. दर वेळी काहीतरी हलवायची, दाराबाहेर जाऊन उभी राहायची, एक डोळा बारीक करायची, परत येऊन तेच चार बोटं सरकवायची.

बाई यायच्या आदल्या दिवशी सकाळी ती अशीच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "झालं."

काकू मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी मान आत घातली. काडेपेटी, काड्या, काही नाही. बराच वेळ खोट शोधून त्यांनी एवढंच म्हटलं, "उशांचा रंग मळखाऊ आहे."

काकूंच्या तोंडून हे म्हणजे हार घातल्यासारखं होतं. मुलगा शीळ घालत कामाला गेला. सूनबाईने सुट्टी घेतली होती, ती चहा टाकायला गेली. मी बटणच्या दिव्यात बल्ब लावायला फळीवर चढलो, आणि जुन्या सवयीने जरा पाठ टेकली. केबिनमध्ये फळी बसवली की आधी आपण झोपून बघायचं असतं.

झोपलो आणि समोर बघितलं.

दारातून ते घर मासिकाच्या चित्रासारखं दिसत होतं. फळीवरून समोर होती पुस्तकांच्या कपाटाची पाठ, तपकिरी, खिळ्यांची टोकं बाहेर आलेली. दिव्यांच्या मागून लोंबणाऱ्या वायरी. कोनाड्याच्या पडद्याची आतली बाजू, शिवण कच्ची आणि टाचण्या तशाच. आणि कोनाड्याबाहेर वर, छताला चिकटलेल्या टेबलाचं पोट, उघडं लाकूड, त्यावर मुलाने पेन्सिलीने मारलेल्या फुल्या आणि बाण. बटणला रोज झोपताना आणि उठताना हेच दिसणार होतं.

"सूनबाई," मी हाक मारली, "चहा राहू दे. इथे येऊन झोप."

ती चढली, आडवी झाली. मान इकडून तिकडे फिरवली. मग म्हणाली, "शी! मी पुतळा सजवला, बाबा."

"म्हणजे?"

"काचेतल्या पुतळ्याला कपडा कसा फिट बसतो माहितीये? मागून चिमटे लावतो आम्ही. मागून बघितलं तर नुसते चिमटे. कुणी बघतच नाही मागून." ती उठून बसली. "मी सगळं घर त्या बाईंना दारातून दिसेल असं लावलं. आणि पोरगी राहणार चिमट्यांच्या बाजूला."

ती उतरायला लागली, आणि फ्रॉक अडकवायच्या खुंटीला धरायला गेली. मी लावलेल्या खुंट्या, माझ्या हाताच्या अंतरावर. तिचा हात पोहोचला नाही. तिने खुंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, हे सगळं तुमच्या हाताशी आहे."

खरं होतं. खुंटी, दिव्याचं बटण, पाण्याचा पेला, टॉवेल, सगळं मी ड्रायव्हरच्या हाताशी लावलं होतं. आणि ड्रायव्हर मी होतो.

"संस्थेत तिला प्रत्येक गोष्ट मागावी लागते," सूनबाई हळू बोलली. "पाणी मागायचं, कपडे मागायचे, दिवा लावू का म्हणून विचारायचं. आणि इथे येऊन पुन्हा आपला फ्रॉकसुद्धा मागायचा?"

हातोडी शोधली.

चहा गार झाला तो झालाच. आम्ही दोघं गुडघ्यावर बसलो आणि गुडघ्यावरच सगळ्या घरात फिरलो. जिथे गुडघ्यावरून हात पोहोचला नाही ते खाली आणलं. तिची खुंटी फळीच्या कडेशी लावली, झोपल्या झोपल्या हाताला लागेल अशी. स्वयंपाकघरात खालच्या खणात तिचा पेला, शेजारी तोटीचं भांडं बुटक्या स्टुलावर. दिव्याला लांब दोरी लावली आणि तिच्या टोकाला माझ्या त्याच शर्टाचं आणखी एक बटण ओवलं. पुस्तकांचं कपाट सूनबाईने फिरवलं, पुस्तकं फळीच्या बाजूला, आणि दाराकडे आलेल्या पाठीवर उशांचंच कापड ताणून बसवलं. पडद्याला अस्तर शिवलं. दुपारी मुलगा अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन घरी आला तर बायको आणि बाप दोघं स्वयंपाकघरात रांगत होते.

"काय हरवलं?"

"तू आधी खाली बस, मग दिसेल," मी म्हणालो.

तो बसला. वर टेबलाकडे नजर गेली आणि त्याला सांगायला लागलं नाही. त्याने टेबल खाली घेतलं, उलटं केलं आणि पेन्सिलीच्या खुणा घासायला लागला. सूनबाईने दुकानातून आणलेलं एक कापड जपून ठेवलं होतं, निळ्या रंगावर उडणारी नारिंगी पाखरं. कापायला तिचा जीव होत नव्हता. तिने ते टेबलाच्या पोटाला चिकटवून टाकलं. टेबल वर गेलं तशी पाखरं वर गेली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. दारात थांबल्या, नजर फिरवली. "छान केलंय," म्हणाल्या, पण आवाजात काही नव्हतं. आवरलेली घरं त्यांनी पुष्कळ पाहिली असणार. सूनबाईने माझी बाही धरली होती.

बटण बाईंच्या पदराआड. खांद्याला कापडी पिशवी, ती दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आत येईना.

मुलाने टेबलाला टिचकी दिली. टेबल छतावरून उतरलं. बटणने मान वर केली, मग भिंतीशी असलेल्या वाळूच्या पिशव्यांकडे पाहिलं, त्या वर चालल्या होत्या. ती एक पाऊल आत आली. त्याने टेबल पुन्हा ढकललं. पाखरं वर. आणखी एक पाऊल. नुसतं टेबल खाली, टेबल वर. पोरगी टेबलाखाली येऊन उभी राहिली, तिथून तिला कोनाडा दिसला. तिने पायऱ्यांवर पाय ठेवला, चढली, आणि आतून पडदा ओढून घेतला.

बाई दोन पावलं आत आल्या.

"बाळ, बाहेर ये," बाई म्हणाल्या.

दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला, चाचपडला, खुंटी सापडली. हात आत गेला, पिशवीसकट बाहेर आला, आणि पिशवी खुंटीला अडकली.

सूनबाईने तोंडाला पदर लावला. मुलाने छताकडे बघून उगाच कप्पी तपासली.

बाई फळीजवळ गेल्या. आता त्यांचा आवाज बदललेला होता. "मी वर येऊ का?"

आतून उत्तर आलं. त्या पोरीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "चप्पल काढून."

बाईंनी चपला काढल्या, त्या पायऱ्यांच्या पोटात ठेवल्या आणि चढल्या. पडदा लागला. आत कुजबुज झाली. दिवा दोनदा विझला. बाई उतरल्या तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते आणि त्या हसत होत्या.

"ती विचारतेय, ही गाडी कोण चालवतं?"

"मी," मी म्हणालो. "पण आता हळू."

"मग काही हरकत नाही," बाई म्हणाल्या. सूनबाईचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "माझी नाहीच. आणि तिचीही नाही, ते तुम्ही बघितलंच. जरा कागदपत्रांचं काम उरकू द्या, मग ती कायमची तुमची."

जायची वेळ झाली तेव्हा बाईंनी खुंटीवरची पिशवी काढायला हात घातला. बटण माझ्याकडे बघत राहिली.

"राहू दे तिथेच," मी म्हणालो. "मी लक्ष ठेवतो."

आणि ठेवलं. ती येईपर्यंत पिशवीला कुणी हात लावला नाही. सूनबाई एका धुळीच्या कणाला घरात राहू देत नाही, पण पिशवीभोवतीनं फडकं फिरवायची, पिशवीला नाही.

बटण कायमची आली त्या दिवशी काकू आमच्याआधी त्यांचं दार उघडून उभ्या होत्या. पोरगी कुणाकडे न बघता सरळ कोनाड्याशी गेली. पिशवी काढली, आत हात घालून बघितलं, एक बटण बाहेर काढलं, मला दाखवलं, परत टाकलं आणि पिशवी खुंटीला लावली. मग स्वयंपाकघरात गेली. खालचा खण ओढल्याचा आवाज आला, तोटीचा आवाज आला. कुणाला विचारलं नाही. पाणी प्यायली. अर्धं पोटात, अर्धं जमिनीवर. एक चप्पल खोलीच्या मधोमध, दुसरी बाकाखाली, मोहरी रंगाची उशी दारात.

काकूंनी मला कोपराने ढोसलं. "ड्रायव्हरसाहेब, ते टेबल आमच्याकडे बसेल का हो?"

"वजन किती?" मुलाने विचारलं, आणि मार चुकवायला आत पळाला.

सूनबाई सवयीने दाराबाहेर गेली. वळली, एक डोळा बारीक केला. आरशातलं ऊन ओल्या जमिनीवर पडलं होतं आणि चप्पल बरोबर त्या उजेडात होती. मला वाटलं, आता येऊन चप्पल सरकवणार.

ती तिथेच उभी राहिली.

"आता झालं," ती म्हणाली.